परवाना कुणाचा, गोष्ट कुणाची

टीव्ही मालिकेच्या नावाने निघणारी कादंबरी दुकानात मिळते. मुखपृष्ठावर मालिकेचं बोधचिन्ह असतं, आत हक्क राखीव असल्याची ओळ असते, लेखकाला मानधन मिळालेलं असतं. त्याच पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट मात्र फुकट वाचायला मिळते आणि कायद्याच्या दृष्टीने कायम अधांतरी असते. म्हणून पहिली ती खरी आणि दुसरी हौशी, असं धरून चालायची सवय पडली आहे. उलट बाजूने चाहतेही ठणकावून सांगतात की परवान्याची, म्हणजे हक्कदारांच्या परवानगीने निघणारी, पुस्तकं म्हणजे नुसता पाट्या टाकायचा धंदा. गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर दोघांचंही अर्धंच खरं आहे. या दोन प्रकारांमधली भिंत फार पक्की कधीच नव्हती, आणि आजही वाचावीशी वाटतात ती बरीचशी पुस्तकं त्या भिंतीतलं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं त्या काळातली आहेत.

सुरुवात अमेरिकेतून करू. 'स्टार ट्रेक' ही एंटरप्राइज नावाच्या अंतराळयानाच्या सफरींची मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १९६९ मध्ये, ७९ भागांनंतर बंद पडली. ती चालू असतानाच, १९६७ मध्ये, बॅंटम प्रकाशनाने जेम्स ब्लिश या विज्ञानकथालेखकाकडून तिच्या भागांच्या कथा करून घेतल्या. ब्लिश यांच्या हाती पडायच्या त्या पटकथा, आणि त्याही अनेकदा चित्रीकरणाआधीच्या.

त्या मालेतली एक प्रत माझ्याकडे आहे. फोर्टमधल्या फुटपाथवर घेतलेली. पानं पिवळी पडलेली, पाठीवरचा डिंक सुटून मधली आठ-दहा पानं वेगळी झालेली. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं, ते ज्यांना आठवतं त्यांना ही पुस्तकं वाचताना ठेच लागते. पडद्यावर पाहिलेला प्रसंग पुस्तकात वेगळ्याच वळणाने जातो, संवाद जुळत नाहीत, एखाद्या भागाचा शेवटच निराळा वाटतो. गोष्टी आटोपशीर आहेत, भाषा स्वच्छ आहे. पण यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा अर्धा परग्रहवासी सहकारी स्पॉक यांच्यातला तो ओलावा, ज्याच्यासाठी लोक मालिका बघत होते, तो पानावर फारसा उतरलेला नाही. उतरणार कसा? तो पटकथेत नव्हताच, नटांच्या चेहऱ्यावर होता.

तो ओलावा नेमका दुसऱ्यांनी पकडला. सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन तरुणींनी 'स्पॉकॅनेलिया' नावाचं अनियतकालिक काढलं. फक्त 'स्टार ट्रेक'ला वाहिलेलं हे पहिलं फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनीच चाहत्यांसाठी काढलेलं हौशी प्रकाशन. त्या काळी फॅनझीन काढणं अंगमेहनतीचं काम होतं. टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिल कापायचं, चूक झाली तर ती दुरुस्तीच्या द्रवाने बुजवायची, सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवून शेकडो प्रती काढायच्या, मग जेवणाच्या टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलून गड्डा जुळवायचा आणि स्टेपल मारायचे. शाई बोटांना लागलेली, शनिवार-रविवार गेलेले, आणि किंमत कागद-टपालाच्या खर्चापुरती. नफा घ्यायचा नाही हा अलिखित नियम होता, कारण नफा घेतला तर हक्कदारांचे वकील दारात येतील ही भीती खरीच होती.

लिहिणाऱ्यांत बायका बहुसंख्य होत्या. ग्रंथपाल, शिक्षिका, गृहिणी, विद्यार्थिनी. मालिकेने ज्या गोष्टी पन्नास मिनिटांत ओझरत्या दाखवल्या त्या त्यांनी उकलल्या. स्पॉकच्या व्हल्कन ग्रहावर लग्नं कशी होतात, स्पॉकच्या माणूस असलेल्या आईने त्या घरात दिवस कसे काढले असतील, अशा प्रश्नांवर जीन लोरा यांनी १९७६ मध्ये 'द नाइट ऑफ द ट्विन मून्स' ही अख्खी कादंबरी लिहिली. कर्क आणि स्पॉक यांच्यातल्या प्रेमाची पहिली छापील कथा १९७४ ची. पुढे या प्रकाराला दोन नावांमधल्या तिरप्या रेघेवरून 'स्लॅश' म्हणायला लागले.

दर्जाची चाड या लोकांना नव्हती असं कुणी म्हणत असेल तर त्याने १९७३ मधली 'अ ट्रेकीज टेल' ही पॉला स्मिथ यांची चिमुकली कथा आठवावी. साडेपंधरा वर्षांची, आरमारातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, दिसायला देखणी, बुद्धीने अफाट, सगळं जहाज तिच्या प्रेमात, आणि शेवटी तिच्या मरणावर सगळे ढसाढसा रडतात. तिचं नाव मेरी स्यू. फॅनझीनमधल्या स्वप्नाळू, स्वतःलाच नायिका करणाऱ्या कथांवर हे विडंबन होतं आणि ते एका फॅनझीनमध्येच छापलं गेलं. 'मेरी स्यू' हा शब्द आज जगभर समीक्षेत वापरला जातो. म्हणजे चाहत्यांच्या लेखनातला सर्वांत ठळक दोष चाहत्यांनीच आधी ओळखला, त्याला नावही त्यांनीच दिलं. परवान्याच्या कादंबऱ्यांवर असं आतून कठोर बोलणारी परंपरा मला तरी दिसत नाही.

१९७६ मध्ये बॅंटमने 'स्टार ट्रेक: द न्यू व्हॉयेजेस' हा संग्रह काढला. त्यातल्या कथा चाहत्यांच्या होत्या, प्रास्ताविकं मालिकेतल्या कलाकारांची आणि खुद्द निर्माते जीन रॉडनबेरी यांची. एका कथेत तर मालिकेतले नट चुकून खऱ्याखुऱ्या एंटरप्राइजवर पोचतात आणि त्यांना आपल्याच भूमिका निभवाव्या लागतात. सायक्लोस्टाइलवरची गोष्ट अशी रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आली.

पुढे परवाना पॉकेट बुक्सकडे गेला आणि १९८१ पासून मूळ कादंबऱ्यांची माला सुरू झाली. पहिलीच 'दि एन्ट्रॉपी इफेक्ट', व्होंडा मॅकइन्टायर यांची. यानाचं सुकाणू सांभाळणाऱ्या सुलूला हिकारू हे पहिलं नाव याच कादंबरीने दिलं. दहा वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटात, ते पडद्यावर उच्चारलं गेलं. १९८४ मध्ये जॉन एम. फोर्ड यांची 'द फायनल रिफ्लेक्शन' आली. हे पुस्तक माझ्या मते या सगळ्या मालेचं शिखर. कर्क आणि मंडळी त्यात जेमतेम सुरुवातीला आणि शेवटी दिसतात. मधली सगळी कादंबरी क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांच्या घरातली, त्यांच्या खेळांतली, त्यांच्या राजकारणातली आहे. पडद्यावर तोवर जे नुसते शत्रू होते त्यांना फोर्ड यांनी समाज दिला. डायान डुएन यांनी त्याच सुमाराला रोम्युलन या दुसऱ्या शत्रूंसाठी तेच केलं. लोरा बाईंनाही १९८४ मध्येच परवान्याची कादंबरी मिळाली. पहिली चारपाच वर्षं लेखकांवर लगाम सैल होता आणि त्याचं फळ दिसत होतं.

तो १९८५ नंतर आवळत गेला. त्या वर्षी डेला व्हॅन हाइज या चाहतीण-लेखिकेची 'किलिंग टाइम' आली. संपादनात कर्क-स्पॉक जवळिकीच्या काही जागा काढायच्या ठरल्या होत्या, पण छापखान्यात गेली ती न कापलेली प्रत. आवृत्ती परत मागवावी लागली आणि सुधारून पुन्हा काढली गेली. १९८७ मध्ये नवी मालिका सुरू झाल्यावर हस्तलिखितांची तपासणी आणखी कडक झाली. एका कादंबरीकाराने निर्माण केलेली पात्रं दुसऱ्याने वापरायची नाहीत, गोष्ट मुख्य पात्रांभोवतीच ठेवायची, आणि शेवटी सगळं होतं तसं परत जागेवर ठेवायचं. कुणी मरायचं नाही, कुणाचं लग्न व्हायचं नाही, कुणी बदलायचं नाही. परवान्याच्या कादंबरीचा कणा मोडतो तो इथे. लेखक कुवतीचा असो नसो, ज्याला आपल्या पात्राचं काहीही कायमचं करता येत नाही त्याची कादंबरी मालिकेचा एक जादा भाग होऊन राहते. चाहत्याला हे बंधन नसतं. त्याच्याकडे नसतो तो संपादक, जो म्हणेल की ही पहिली चाळीस पानं काढून टाक.

१९९८ पासून पॉकेटने 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही नवोदितांसाठीची कथास्पर्धा घेतली आणि २००७ पर्यंत दहा संग्रह काढले. डेटन वॉर्ड तिथूनच आले आणि मालेचे नियमित कादंबरीकार झाले.

आता इंग्लंड. तिथली गोष्ट जास्त विलक्षण आहे. 'डॉक्टर हू' ही कालयंत्रातून भटकणाऱ्या, डॉक्टर म्हणवणाऱ्या परग्रहवासीयाची मालिका १९६३ मध्ये बीबीसीवर सुरू झाली. जुने भाग पुन्हा दाखवायची पद्धत जवळपास नव्हती, घरात व्हिडिओ नव्हता, आणि बीबीसी टेप पुसून पुन्हा वापरायची. साठच्या दशकातले कितीतरी भाग त्यामुळे कायमचे गेले. चुकलेला भाग म्हणजे गेलेला भाग. तो परत मिळण्याचा एकच मार्ग, पुस्तक.

पहिलं पुस्तक १९६४ चं, डेव्हिड व्हिटकर यांचं. ते स्वतः मालिकेचे पटकथा-संपादक होते, पण त्यांनी सुरुवातच बदलली. पडद्यावरची सुरुवात शाळेत आणि भंगाराच्या आवारात होते. पुस्तकात धुक्याने भरलेल्या माळरानावर मोटारीचा अपघात होतो, आणि सगळी हकिकत इयान हा शिक्षक 'मी' म्हणून सांगतो. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाने मुलांसाठी अशी पुस्तकं सपाट्याने काढली, दीडशेहून जास्त. त्यांतली साठाहून अधिक टेरन्स डिक्स यांनी लिहिली. सव्वाशेच्या आसपास पानं, छोटी वाक्यं, डॉक्टरचं कालयंत्र येतं तेव्हाचा धापा टाकत कण्हणारा तो ठरलेला आवाज. पाट्या टाकणं म्हणून या पुस्तकांना हिणवलं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. दहा वर्षांच्या मुलाने एका बैठकीत संपवावं असं स्वच्छ गद्य महिनोन्महिने लिहीत राहणं ही कारागिरी आहे, आणि वाचनाची गोडी या पुस्तकांनी लागली असं सांगणारी इंग्लंडमध्ये एक अख्खी पिढी आहे. माल्कम हल्क यांनी तर १९७४ च्या 'द केव्ह मॉन्स्टर्स'ची सुरुवातच लाखो वर्षांपूर्वीच्या सरपटणाऱ्या प्राणीमानवांच्या नजरेतून केली. रबरी मुखवट्यातले राक्षस पानावर आले ते आपली पृथ्वी गमावलेले लोक म्हणून.

डिसेंबर १९८९ मध्ये मालिका बंद झाली. टार्गेटची पुस्तकं तेव्हा व्हर्जिनकडे होती आणि लवकरच कादंबरी करायला नवे भागच उरणार नव्हते. पीटर डार्व्हिल-एव्हन्स या संपादकाने मूळ कादंबऱ्या काढायचं ठरवलं आणि मोठा जुगार खेळला. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यानेही हस्तलिखित पाठवावं, आम्ही वाचू, असं त्यांनी जाहीर केलं. १९९१ मध्ये 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स' सुरू झाली. छोट्या पडद्यावर मावणार नाहीत इतक्या रुंद आणि खोल गोष्टी, अशी तिची जाहिरात होती.

हस्तलिखितं आली ती साहजिकच फॅनझीनवर हात बसलेल्या मुलामुलींची. पॉल कॉर्नेल यांची पहिली कादंबरी फॅनझीनमधल्या त्यांच्याच कथेतून उगवली. ऑस्ट्रेलियातून केट ऑर्मन आल्या, इंग्लंडमधले मार्क गॅटिस आले. १९९६ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी एक कादंबरी लिहिली. स्टीव्हन मॉफट यांची एक लघुकथा व्हर्जिनच्याच संग्रहात आहे. सगळंच चांगलं होतं असं नाही. काही पुस्तकं उगाच काळोखी आहेत, काहींत शिव्या आणि शरीरसंबंध केवळ आपण आता मोठे झालो हे दाखवायला आल्यासारखे वाटतात, आणि त्यावर चाहत्यांत कडाक्याची भांडणंही झाली. पण मालिका पडद्यावर नसल्यामुळे 'सगळं जागेवर ठेवा' म्हणणारं कुणी नव्हतं. पात्रं बदलू शकत होती, थकू शकत होती, सोडून जाऊ शकत होती. मोकळीक चाहत्याची आणि कात्री संपादकाची, हे दोन्ही एकत्र आलं.

त्यातून १९९५ मध्ये कॉर्नेल यांची 'ह्यूमन नेचर' निघाली. डॉक्टर स्वतःहून माणूस होतो, सगळं विसरतो आणि पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर इंग्लंडमधल्या मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून राहतो. तिथे तो प्रेमात पडतो. मग जग वाचवायचं तर या साध्या शिक्षकाने मरायला हवं, आणि त्याला मरायचं नसतं. शेकडो साहसांत कधीही न विचारलेला प्रश्न इथे विचारला जातो: ज्याला आपण नायक म्हणतो त्याने कोणतं आयुष्य टाकून दिलेलं असतं? ही गोष्ट चाहत्यालाच सुचू शकते, कारण वर्षानुवर्षं एका पात्राबरोबर राहिल्याशिवाय हा प्रश्न पडत नाही.

१९९७ मध्ये बीबीसीने परवाना परत घेतला आणि व्हर्जिनच्या डॉक्टरवरच्या कादंबऱ्या थांबल्या. मार्च २००५ मध्ये मालिका पडद्यावर परतली ती डेव्हिस यांच्या हाताखाली. गॅटिस, मॉफट, कॉर्नेल हे सगळे तिचे लेखक झाले. २००७ मध्ये 'ह्यूमन नेचर'चे दोन भाग झाले, पटकथा कॉर्नेल यांचीच. पुस्तकं मालिकेवरून होत आली होती. इथे मालिका पुस्तकावरून झाली.

इंटरनेटनंतर चाहत्यांना सायक्लोस्टाइलची गरज उरली नाही. २००९ मध्ये उघडलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनीच चालवलेल्या ग्रंथालयाला २०१९ चा ह्यूगो हा विज्ञानकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. तिथे उत्तम कथा शोधायच्या तर खूप चाळावं लागतं, हे खरं. परवान्याच्या कादंबऱ्याही निघतच आहेत.

एप्रिल २०१८ मध्ये बीबीसीने टार्गेटचं नाव नव्या मालिकेसाठी पुन्हा जागं केलं. जुन्या पुस्तकांसारखीच चितारलेली मुखपृष्ठं, तोच आकार. लेखकांत होते मॉफट, कॉर्नेल आणि डेव्हिस. डेव्हिस यांनी २००५ च्या आपल्याच पहिल्या भागाची, 'रोझ'ची, कादंबरी केली. त्या भागात विल्सन हे फक्त एक नाव आहे. लॉटरीचे पैसे द्यायला नायिका रोझ दुकानाच्या तळघरात त्याला हाका मारत जाते, आणि नंतर कळतं की तो आधीच मेला आहे. पडद्यावर तो एकदाही दिसत नाही. डेव्हिस यांनी पुस्तक सुरू केलं ते त्याच्यापासून.