डीएसएल स्प्लिटर आणि लाइनची जोडणी

टेलिफोनच्या तांब्याच्या एकाच जोडीवर बोलणं आणि ब्रॉडबँड (यालाच डीएसएल म्हणतात) दोन्ही चालतं, आणि ते वेगळं करायचं काम स्प्लिटर नावाची छोटी डबी करते. बोलण्याला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, एडीएसएलचा (डीएसएलचा घरगुती प्रकार) डेटा त्याच्या बराच वर म्हणजे २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत असतो (एडीएसएल२+ मध्ये २.२ पर्यंत). तिकडे एक्स्चेंजमध्येही असाच स्प्लिटर असतो, तिथून आवाज कॉल जोडणाऱ्या स्विचकडे जातो आणि डेटा डीस्लॅमकडे, म्हणजे अनेक घरांच्या डीएसएल लाइन एकत्र करणाऱ्या यंत्राकडे.

डबीला तीन सॉकेट, लाइन, फोन आणि मोडेम. लाइन आणि मोडेम आतून सरळ जोडलेले असतात, फिल्टर आहे तो फक्त फोनच्या वाटेवर. त्यामुळे बाहेरून आलेली वायर चुकून फोनच्या सॉकेटात आणि फोन लाइनच्या सॉकेटात घातला तर गंमत म्हणजे डायल टोन व्यवस्थित येतो, पण मोडेमचा डीएसएल दिवा लुकलुकतच राहतो, आणि लोक तासन् तास मोडेमची सेटिंग तपासत बसतात!

खरा घोळ पॅरलल फोनचा, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेल्या जादा फोनचा (एक्स्टेन्शनचा). एक एक्स्टेन्शन जरी स्प्लिटरच्या आधी जोडलेलं राहिलं तरी रिसीव्हर उचलल्या उचलल्या लाइनचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बदलतो आणि नेट तुटतं. म्हणून स्प्लिटर लाइन घरात शिरते तिथेच, सगळ्या फोनच्या आधी लावायचा, हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते जमत नसेल तर मग प्रत्येक फोनला वेगळा मायक्रोफिल्टर (एका फोनपुरता छोटा फिल्टर). फॅक्स, अलार्मचं पॅनल हेही फोनच धरायचे, ते हमखास विसरले जातात.

वापरात नसलेला वायरचा फाटा तसाच लोंबकळत ठेवू नये. सिग्नल त्याच्या उघड्या टोकापर्यंत जाऊन परत फिरतो आणि मूळ सिग्नलला मारतो, साधारण ५० मीटरचा फाटा १ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग खातो.

जॉइंटही नीट बघावा. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तारा ओलीने हिरव्या पडतात, आवाज खरखरतो, पावसात नेट जातं. पीळ असलेलीच केबल वापरावी, जोडीतल्या दोन्ही तारा एकाच पिळातल्या हव्यात, आरजे११ मध्ये (फोनचा नेहमीचा छोटा प्लग) त्या मधल्या दोन पिनांवर येतात. जोडून झालं की मोडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटाच्या वर किती शिल्लक आहे ते) बघायचा, ६ डीबीच्या खाली घसरत असेल तर एकेक एक्स्टेन्शन काढून परत बघायचं.