अक्कलदाढ आणि हिरडीच्या टोपीखालचे दुखणे : पार्श्वभूमी

बेळगावची मराठी घरे जिला अक्कलदाढ म्हणतात, तिलाच शेजारची कन्नड घरे ‘बुद्धी हल्लू’ म्हणतात. साधारण १७ ते २५ या वयात ती येते आणि जबड्यात जागा नसली की तिरकी किंवा आडवी रुतते. सुधारलेल्या समाजांत ही दाढ खुंटत चालल्याचे डार्विनने १८७१ मध्ये नोंदवले होते आणि त्याचा संबंध मऊ, शिजवलेल्या अन्नाशी जोडला जात होता. इकडे कडक भाकरी चावून वाढलेल्यांच्याही दाढा अडकतात, तेव्हा सारे खापर आहारावर फोडता येत नाही.

ठणका बहुधा सुरू होतो तो दाढेवर उरलेल्या हिरडीच्या टोपीपासून. खालची दाढ अर्धीच वर आली की टोपीखाली फट राहते, तीत भाताचे शीत किंवा बेळगावच्या कुंदा या मिठाईचा कण अडकतो, ब्रश तिथवर पोचत नाही आणि प्राणवायूविना वाढणारे जिवाणू तिथे मुक्काम करतात. त्यात वरची दाढ सुजलेल्या टोपीवर आपटू लागली की गाल फुगतो आणि जबडा असा आखडतो की भाकरीचा तुकडाही आत जात नाही.

निपाणी-खानापूरकडच्या जुन्या पिढीने यावर लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या आणि तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची मिश्री बोटाने चोळली. गुळण्या डॉक्टर आजही सांगतात आणि लवंग घटकाभर ठणका थांबवते. मिश्रीने मात्र हिरड्यांचे नुकसानच केले.

ही सूज अंगावर काढणे धोक्याचे असते. दातांच्या संसर्गातून जिभेखाली व गळ्यापर्यंत पसरणारी सूज जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिली, तेव्हा प्रतिजैविके नव्हती. मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक हिरडीच्या संसर्गावर चालते हे १९६२ मध्ये योगायोगाने उमगले : ते औषध दुसऱ्याच विकारासाठी घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्याही बऱ्या झाल्या होत्या. बेळगावात केएलई संस्थेचे दंत महाविद्यालय १९८५ मध्ये सुरू झाले.

दाढ सरसकट काढण्याची रीत पुढे वादात सापडली. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० मध्ये सांगितले की, निरोगी अडकलेली दाढ काढू नये. संसर्गाचा पहिला झटका फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरूनही काढू नये, दुसऱ्या झटक्यानंतर मात्र विचार करावा. पहिल्या झटक्यानंतर उरते ते काम कंटाळवाणे आहे : छोट्या डोक्याचा ब्रश शेवटच्या दाढेच्या मागच्या कडेपर्यंत, तोंड अर्धेच उघडून, रोज रात्री नेणे.