शेपटीकडचे १० ग्रॅम

रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानांसाठी वापरतात त्या बाल्सा लाकडाची फळी पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ती आतून पोकळ असावी असे वाटते आणि ते फारसे चूकही नाही. मुख्यतः इक्वेडोरमधून येणाऱ्या या झाडाच्या पेशी मोठ्या व पातळ भिंतींच्या असतात. झाड जिवंत असताना त्यांत पाणी असते, आणि लाकूड भट्टीत वाळवले की पाण्याच्या जागी हवा उरते. सागाचे लाकूड घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते, तर बाल्सा साधारण १६०. मात्र बाल्साच्या दोन फळ्यांच्या वजनात मोठा फरक असतो. १ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी एक फळी ३० ग्रॅमची, तर त्याच मापाची दुसरी ६० ग्रॅमची निघू शकते. म्हणूनच रेडिओ-नियंत्रित विमानाची बांधणी वजनकाट्यापासून सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत हलकी फळी शेपटीसाठी राखून ठेवावी. शेपूट गुरुत्वमध्याच्या ६० सेंटिमीटर मागे आणि नाक २० सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर तरफेच्या नियमानुसार शेपटीत जास्तीचे १० ग्रॅम लाकूड किंवा गोंद गेल्यास तोल सावरण्यासाठी नाकात ३० ग्रॅम शिसे घालावे लागते. विमान एकूण ४० ग्रॅमने जड होते, आणि तेवढे वजन पेलण्यासाठी त्याला उडताना व उतरताना अधिक वेग ठेवावा लागतो.

पंख सपाट पाटावर, आराखड्यावर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरून जोडतात. वाकवणाऱ्या भाराखाली पंखातली वरची लांब पट्टी दाबली जाते व खालची ताणली जाते. दोहोंच्या मध्ये उभ्या रेषांचे बाल्साचे तुकडे चिकटवले की दोन्ही पट्ट्या मिळून भार उचलतात. इस्त्रीने पंखावरचे आवरण ताणताना त्याला नकळत पीळ पडला, तर विमान हवेत सतत एका अंगाला कलत राहते.

शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर ठेवतात. झुळकीने नाक वर गेले की पंख आणि शेपूट यांवरील उचल वाढते. ही वाढीव उचल गुरुत्वमध्याच्या मागे लागू होत असेल, तर ती नाक आपोआप खाली आणते. गुरुत्वमध्यच तिच्या मागे सरकलेला असेल, तर नाक आणखी वर जाते आणि ट्रान्समीटर हाती असलेल्या माणसाला प्रत्येक क्षणी ते आवरत बसावे लागते.

पहिले उड्डाण नेहमी समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून आणि सोबत अनुभवी माणूस असतानाच करावे. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते, आणि नवख्यांचे हात बहुधा तिथेच चुकतात. पुरेशी उंची गाठल्यावर मधल्या वेगात हात सैल सोडून पाहावे. विमान सरळ जाण्यासाठी एलिव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) सतत बराच वर धरावा लागत असेल, तर नाक जड असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी खाली उतरून बॅटरी काही मिलिमीटर मागे सरकवावी आणि पुन्हा उडवून पाहावे.