टोकियो ते हेग: न्यायाधीश सुचवायचा कुणी?

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका अभ्यासिकेत आमचा मूट कोर्टचा, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांचा, सराव चालतो. परवाचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातला होता. फायली आवरता आवरता तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तिथं न्यायाधीश व्हायचं तर काय करावं लागतं?" उत्तर द्यायला मला १९४५ पर्यंत मागं जावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवरच्या खटल्यासाठी न्यूरेंबर्गला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चार जेत्यांनी प्रत्येकी एक न्यायाधीश आणि एक पर्यायी न्यायाधीश नेमला. तटस्थ देशाचा एकही नाही. टोकियोत, जपानी नेत्यांवरच्या खटल्यात, देशांनी नावं सुचवायची आणि नेमणूक दोस्त राष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी करायची, अशी रीत होती. त्या न्यायाधिकरणाच्या जानेवारी १९४६ च्या सनदेत जास्तीत जास्त नऊ न्यायाधीश होते, म्हणजे जपानची शरणागती स्वीकारणाऱ्या नऊ देशांचे. ब्रह्मदेशात आणि मलायात हिंदी सैनिक लढले, मेले, तरी त्यांच्या देशाला जागा नव्हती. वॉशिंग्टनमधले हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी गिरिजाशंकर वाजपेयी यांनी हा मुद्दा लावून धरला. एप्रिलमध्ये सनद दुरुस्त झाली आणि फिलिपिन्ससह हिंदुस्थानला जागा मिळाली. न्यायाधीशांची संख्या अकरा झाली.

त्या मागून मिळवलेल्या जागेवर गेले कलकत्ता हायकोर्टात काम केलेले राधाबिनोद पाल. १९४८ मध्ये त्यांनी बाराशेहून जास्त पानांचा भिन्नमत निकाल लिहिला आणि सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. आक्रमक युद्ध हा गुन्हा जेत्यांनी मागाहून ठरवला, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांचं सगळंच मला पटत नाही. पण ज्यांनी खुर्ची दिली त्यांनाच ठणकावणारा न्यायाधीश म्हटलं की पुण्यात रामशास्त्री आठवतात, आणि मला त्यांच्या शेजारी पाल दिसतात.

पुढं १९९३ मध्ये युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधिकरणासाठी पद्धत बदलली. देशांनी नावं पाठवायची, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं २२ ते ३३ जणांची यादी करायची आणि आमसभेनं त्यातून अकरा निवडायचे. रवांडासाठीही जवळपास तसंच.

खरं वळण आलं १७ जुलै १९९८ ला, रोममध्ये. हेगच्या या कायम न्यायालयाच्या कराराच्या बाजूनं १२० देश, विरोधात ७ आणि तटस्थ २१. भारत तटस्थांत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नव्हता. आक्षेप वजनदार होते, हे मी वर्गात नेहमी सांगतो. त्याची किंमतही सांगतो: भारत या न्यायालयाचा सदस्य नाही, आणि न्यायाधीशाचं नाव सदस्य देशच सुचवू शकतो.

न्यायालयाचे न्यायाधीश १८, मुदत नऊ वर्षं. उमेदवार एकतर फौजदारी कायद्यातला मुरलेला हवा, नाहीतर आंतरराष्ट्रीय कायद्यातला. मतदान गुप्त आणि दोन तृतीयांश मतांची अट. फेब्रुवारी २००३ मध्ये न्यूयॉर्कला पहिली निवडणूक झाली, तेव्हा १८ जण निवडायला मतदानाच्या ३३ फेऱ्या लागल्या. त्यांत सात महिला निवडून आल्या. मतपत्रिकेवर ठरावीक संख्येनं महिलांना मत देणं बंधनकारक होतं, म्हणून हे घडलं.

हे ऐकून ती म्हणाली, "मग दुसऱ्या एखाद्या देशानं माझं नाव सुचवलं तर?" प्रश्न अगदी बरोबर होता. सदस्य देश परक्या नागरिकाचंही नाव देऊ शकतो. मी रोम कराराच्या कलम ३६ मधलं पोटकलम ४ (ब) काढून दिलं: तो नागरिक मात्र कुठल्या तरी सदस्य देशाचाच असला पाहिजे. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि समासात पेन्सिलीनं खूण केली.