चित्रित ताणा (स्कार्फ विणकाम)

बाणा (आडवे धागे) भरण्यापूर्वी ताण्याच्या (उभ्या) धाग्यांवर कुंचल्याने रंग देऊन कापड विणण्याची पद्धत. स्कार्फचा पन्हा अरुंद असल्याने धागे थोडे लागतात आणि सबंध ताणा टेबलावर पसरून एका बैठकीत रंगवता येतो. त्यामुळे हातमागावर ती मुख्यतः स्कार्फसाठी रूढ आहे.

इकतशी तिची वारंवार गल्लत होते. ‘इकत’ ही संज्ञा मलाय भाषेतील ‘बांधणे’ या अर्थाच्या शब्दावरून आली. इकतमध्ये धाग्यांच्या जुड्या बांधून रंगात बुडवतात व बांधलेला भाग कोरा राहतो. चित्रित ताण्यात बांधणी नसते. मात्र दोन्हींत धागे मागेपुढे सरकून नक्षीच्या कडा पिसासारख्या फुटतात. म्हणून केवळ कडा पाहून जुन्या कापडाची पद्धत ठरवू नये.

उगमाबद्दल मतभेद आहेत. फ्रान्समध्ये १८व्या शतकात ‘शिने’ हे आधी रंगवलेल्या ताण्याचे, धूसर नक्षीचे रेशमी कापड लोकप्रिय होते; त्याच्या एका प्रकाराला राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचे नाव मिळाले. ‘शिने’ शब्दाचा संबंध चीनशी जोडतात व त्यावरून काहींनी चिनी उगम सुचवला आहे. परंतु असे नाव व्यापाराच्या ओघातही चिकटते. आरंभीच्या शिनेत जुड्या बांधूनच रंगवत आणि ताण्यावरील छपाई बहुधा नंतर आली. हे पाहता आशियाई इकतचा नमुना समोर असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जपानमधील ‘होगुशी’ पद्धतीत धागे सरकण्यावर सुंदर तोड काढलेली आहे. ताणा आधी विरळ बाण्याने तात्पुरता विणतात, त्यावर साच्यांनी रंग छापतात आणि खरे विणकाम करताना तो बाणा काढून टाकतात. २०व्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मेइसेन’ या रेशमी कापडाच्या किमोनोंची ठसठशीत नक्षी अशीच साधली आहे.

सुती ताणा धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजवून, पिळून, त्यावर घट्ट केलेले प्रतिक्रियाशील रंग देतात (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले). मग तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून साधारण दिवसभर ओलसर ठेवतात. रेशीम व लोकरीसाठी आम्ल रंग वापरून वाफ देतात.

साध्या विणीत ताणा व बाणा सारखेच दिसले, तर चित्राचा जवळजवळ निम्मा भाग बाण्याखाली जातो. त्यासाठी ताणा दाट भरून बाणा बारीक घेतात, किंवा ताणा वर राहील अशी तिरकी वीण योजतात. काळ्या बाण्याने रंग गहिरे दिसतात, पांढऱ्याने फिके पडतात. ताण्यातील मुख्य रंगाच्या विरोधी रंगाचा बाणा घेतल्यास सगळे मातकट होते.