धनंजय माने अजून इथेच राहतात

‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य नुसतं वाचलं तर त्यात हसण्यासारखं काहीच नाही. पत्ता शोधत आलेला कुणीही माणूस असंच विचारेल. तरीही ‘अशी ही बनवाबनवी’ या मराठी सिनेमातलं, दारात उभ्या परशुरामाच्या तोंडचं हे वाक्य फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, मीमच्या पानांवर इतक्या वेळा येऊन गेलंय की ‘आता पुरे’ म्हणणारेही भरपूर झालेत. त्यांचा वैताग मला कळतो. पण हा विनोद संपला हे मला मान्य नाही, आणि तसं का, हे त्याची कुळकथा पाहिली की लक्षात येतं.

‘अशी ही बनवाबनवी’ सप्टेंबर १९८८मध्ये पडद्यावर आला. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. भाड्याच्या घरासाठी मित्रांपैकी दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, हा मूळ धागा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’मधला. तो पुण्यात आला, त्याला सरपोतदारांसारखा घरमालक भेटला, अशोक सराफांचा धनंजय आणि लक्ष्मीकांत बेर्डेंचा परशुराम भेटला, आणि गोष्ट आपल्या आळीतलीच झाली.

संवाद वसंत सबनीसांचे होते. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. १९६५मध्ये रंगमंचावर आलेलं हे लोकनाट्य दादा कोंडक्यांनी गावोगाव नेलं. संहिता तीच, पण दादा ताज्या घडामोडींवरचं काहीबाही पदरचं घालायचे. ही रीत तमाशातली. गण झाला, गवळण झाली की बतावणी, म्हणजे उलटसुलट सवाल-जवाबांची थट्टामस्करी. सोंगाड्या उलटसुलट उत्तरं देणार, गवळणीतली मावशी कृष्णाला धारेवर धरणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. माणसं तेच ऐकायला आलेली असतात. तबल्याची सम कुठे येणार हे जाणत्या श्रोत्याला माहीत असतं, म्हणून काही त्याची मान डोलायची थांबत नाही. उलट माहीत असतं म्हणूनच डोलते.

सबनीसांच्या संवादांना हे वळण पक्कं होतं. इस्राईलच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये ‘वारले’, ही सरळसरळ बतावणी आहे. ‘हा माझा बायको पार्वती’ हीसुद्धा.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली, मग केबल आली, सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर सिनेमा लागत राहिला. इंटरनेटवर येण्याच्या कितीतरी आधी तो घराघरांत तोंडपाठ होता. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले. यूट्यूब सुरू झालं २००५मध्ये, व्हॉट्सअ‍ॅप २००९मध्ये. ज्याच्या तोंडचा प्रश्न आज लाखो मोबाइलवर फिरतो, त्याने तो असा फिरताना कधी पाहिलाच नाही. हे आठवलं की मला अजून चुटपुट लागते.

असंच पुनरुज्जीवन ब्रिटिश गायक रिक अ‍ॅस्टलीच्या १९८७च्या एका गाण्याच्याही वाट्याला आलं. भलत्याच कशाची तरी लिंक म्हणून पाठवायची आणि उघडली की हे गाणं वाजायचं, हा खेळ २००७मध्ये सुरू झाला. २००८च्या १ एप्रिलला खुद्द यूट्यूबने आपल्या मुख्य पानावरच्या लिंका त्या गाण्याकडे वळवल्या. म्हणजे गंमत तेव्हाच शिळी व्हायला हवी होती. पण २०२०मध्ये एका अनोळखी माणसाने जुन्या भेटीची आठवण सांगायच्या मिषाने रेडिट या संकेतस्थळावर खुद्द अ‍ॅस्टलीलाच फसवलं आणि लोक पुन्हा खदाखदा हसले. विनोद तेरा वर्षांचा जुना, फक्त सावज नवं होतं.

तिथे फसवणूक आहे, आपल्याकडे ओळख पटणं आहे. पण दोन्हीकडे वाक्यापेक्षा ते कुठे आणि कुणापुढे पडतं याला किंमत आहे. जाहिरातवाल्यांनी चपलांच्या सेलवर दारातल्या परशुरामाचं चित्र डकवलं की ते मेल्यासारखं वाटतं, कारण तिथे कुणी कुणाला शोधत आलेलं नसतं. त्याच सिनेमातल्या ‘लिंबू कलरची साडी’चंही तसंच झालंय, पिवळं काही दिसलं की ती येतेच. मानेंचा प्रश्न मात्र टिकून आहे, कारण तो मुळात रिकामा आहे. दार, उंबरठा आणि बाहेर उभा असलेला माणूस, एवढंच त्याला लागतं.

आमच्या घरच्या ग्रुपवर माझा एक चुलतभाऊ नवा नंबर आला की परशुरामाचा तोच फोटो टाकतो. हसणं सोडाच, कुणी उत्तरही देत नाही. गेल्या वर्षी आत्याचं मोठं ऑपरेशन झालं. दोन महिने ती ग्रुपवर नव्हती, फोनही दुसऱ्याच कुणाच्या हाती असायचा. आम्ही सगळे तिच्याविषयी दबक्या आवाजात बोलत होतो. एका सकाळी साडेसहाला तिचा मेसेज आला. मराठी टायपिंग तिला अजून नीट जमत नाही, काना-मात्रे इकडचे तिकडे झालेले. ‘धनजय मने इथच रहतत क’.

मी गॅसवर चहा ठेवला होता. तो उतू गेला तरी मी हसत होते, आणि डोळेही पुसत होते. चुलतभावाने त्या दिवशी फोटो टाकला नाही. त्याने लिहिलं, ‘राहतात ना आत्या, ये.’