'डॉक्युमेंट्स' नेमकं राहतं कुठे?

प्रोग्राममध्ये 'सी:\माय डॉक्युमेंट्स' असा फायलींच्या फोल्डरचा पत्ता थेट लिहून मोकळं व्हायचं, ही खोड जुनी. घरात एक पीसी आणि तो वापरणारा एकच, तोवर ती खपलीही. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र एका यंत्रावर माणसं अनेक. प्रत्येकाच्या घराचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोल्डरचा, पत्ता पासवर्ड फाइलमध्ये असायचा, आणि १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून तो 'होम' व्हेरिएबलमध्येही (प्रोग्रामला नावाने वाचता येणाऱ्या नोंदीत) मिळू लागला. घरासाठीचं ~ हे चिन्ह सी शेल या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममधलं; तेव्हाच्या एडीएम-३ए टर्मिनलवर ~ आणि होम एकाच कळीवर होते.

पण घर सापडलं तरी कपाट कुठलं, म्हणजे त्यातलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर कुठलं, हा प्रश्न उरतोच.

विंडोज ९५ घडत असताना हे पत्ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, 'शेल फोल्डर्स' नावाच्या कीमध्ये (नोंदींच्या कप्प्यात) तात्पुरते ठेवले होते. पुढे ते विंडोजच्याच एका फंक्शनला (प्रोग्रामने हाक मारायच्या तयार कोडला) विचारायचे, असं ठरलं. तोवर काही प्रोग्राम त्या कीवर विसंबून बसले होते. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन सांगतात, असे प्रोग्राम होते अवघे चार. त्यांच्यासाठी की ठेवली, आणि ती पाहून बाकीच्यांनीही तोच चोरदरवाजा धरला. आजही रजिस्ट्री उघडा, त्या कीमध्ये पहिलीच नोंद दिसते: ही की वापरू नका, अमुक फंक्शन वापरा. कोण ऐकतंय!

ठोकून लिहिलेले पत्ते विंडोज एक्सपीवर उघडे पडले. जर्मन एक्सपीवर तेच फोल्डर 'आयगेने डाटायन'. पुढच्या विंडोज व्हिस्टाने तर सगळ्यांची घरं ठेवणारं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' मोडून 'युजर्स' आणलं. जुन्या प्रोग्रामांसाठी त्या नावाची नुसती पाटी ठेवली. तिच्यावर क्लिक केलं की 'प्रवेश नाही'. फोल्डर विचारण्याचं नवं फंक्शनही तेव्हाच आलं.

मॅकने डिस्कवरचं नाव इंग्रजीच ठेवलं, भाषांतर फक्त पडद्यावर. प्रोग्रामरच्या दृष्टीने हेच शहाणपणाचं, असं माझं मत. लिनक्सवर २००७च्या सुमारास रेड हॅटच्या अलेक्झांडर लार्सन यांनी 'एक्सडीजी-युजर-डर्स' हे फोल्डरांचे पत्ते सांभाळणारं साधन आणलं. तिथे डिस्कवरचं नावच भाषेप्रमाणे बदलतं, आणि खरा पत्ता कॉन्फिग फोल्डरमधल्या छोट्या मजकूर फाइलमध्ये असतो. सिस्टिमची भाषा बदलली की पुढच्या लॉग-इनला विचारणा होते: फोल्डरांची नावंही बदलू का? डेस्कटॉप फोल्डर चुकून उडवलं, तर पुढच्या लॉग-इनला त्याचा पत्ता थेट घराकडे वळतो, आणि घरातलं सगळं सामान पडद्यावर येऊन पडतं.